पाच लिटर रक्तात एक चमचा साखर

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर ९० आली, याचा अर्थ १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार करून बघा: सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आता आपल्या गोव्यातलं दुपारचं ताट बघा. हुमणाबरोबर, म्हणजे माशाच्या कालवणाबरोबर, वाटीभर शीत (भात) घेतलं, दीडशे ग्रॅम धरा, तर त्यात ४० ग्रॅमच्या आसपास पिष्ट (स्टार्च). आतड्यात त्याचं ग्लुकोज होतं आणि पुढच्या दोन-तीन तासांत ते याच रक्तातून जातं. जिथे जेमतेम चमचाभर साखर असते तिथे आठ-नऊ चमचे येऊन पडतात, आणि तरी निरोगी माणसाची साखर जेवणानंतर सहसा १४० ओलांडत नाही. कारण साखर रक्तात थांबतच नाही. स्नायू, यकृत, चरबी यांच्या पेशी ती उचलून घेतात. मधुमेहात हे उचलणं बिघडतं. रक्तातला आकडा म्हणजे त्या बिघाडाची फक्त नोंद.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या इंडिआब या मधुमेहाच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात गोव्यातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. देशाची सरासरी ११.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे दर चार मोठ्या माणसांत एकाला मधुमेह. पावसाळ्यात ताप, चिघळलेली जखम, लघवीची जळजळ घेऊन माणूस दवाखान्यात जातो, तेव्हा घरी परतताना औषधांच्या पिशवीत शुगरच्या गोळ्या आणि अँटिबायोटिकची स्ट्रिप शेजारी शेजारी असतात. दोन्ही औषधं पेशीच्या कुठल्या ना कुठल्या भागावर काम करतात. कधी कधी तर एकाच भागावर. ते भाग ओळखीचे झाले की 'दुधाबरोबर घेऊ नका', 'जेवल्याशिवाय घेऊ नका', 'मध्येच सोडू नका' या सूचना पाठ करायची गरज उरत नाही.

पेशीभोवतीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. जाडी मिलिमीटरच्या सव्वा लाखाव्या भागाच्या आसपास. प्राणवायू त्यातून सहज आरपार जातो. ग्लुकोज पाण्यात विरघळणारं, त्याला त्या तेलकट थरातून वाट नाही. त्यासाठी पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. या दारांना ग्लुट म्हणतात, आणि कोणत्या पेशीत कोणतं दार आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

'पेशी म्हणजे कुलूप, इन्शुलिन म्हणजे किल्ली' ही उपमा दवाखान्यातल्या तक्त्यांवर हमखास असते. मला ती अर्धीच पटते. दार भिंतीत आधीपासून आहे, फक्त उघडायचं राहिलंय, असा समज ती करून देते. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशीत ग्लुट-४ नावाची दारं इन्शुलिन नसताना भिंतीत बहुतेक नसतातच. ती पेशीच्या आत बारीक पिशव्यांमध्ये ठेवलेली असतात. इन्शुलिन पेशीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या ग्राहक प्रथिनावर येऊन बसतं, आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, पिशव्या पटलाकडे सरकतात, पटलात मिसळतात आणि दारं भिंतीत लागतात. हे सगळं काही मिनिटांत. इन्शुलिन ओसरलं की दारं पुन्हा आत ओढली जातात.

टाइप २ मधुमेहात इन्शुलिन बाहेर येऊन बसतं, पण आतला निरोप वाटेत क्षीण होतो. स्नायूंच्या आणि यकृताच्या पेशीत साठलेली चरबी हे त्याचं एक मोठं कारण. आता यातली कामाची गोष्ट: स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तीच दारं दुसऱ्याच निरोपाने भिंतीकडे येतात, आणि त्या निरोपाला इन्शुलिन लागत नाही. जेवल्यावर १५ मिनिटं चालण्याचा सल्ला म्हणूनच इतका खरा आहे. जी वाट बंद पडली आहे तिला वळसा घालून दुसऱ्या वाटेने साखर आत जाते. संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर तासभर फिरणं चांगलंच, पण दुपारच्या भातानंतर अंगणात घातलेल्या फेऱ्यांनी त्या जेवणाची साखर जास्त थेट उतरते.

मेंदू आणि तांबड्या पेशी यांची दारं मात्र कायम भिंतीत असतात. त्यांना इन्शुलिनची वाट बघावी लागत नाही. रक्तात जितकी साखर, तितकी तांबड्या पेशीच्या आत. तिथे ती हिमोग्लोबिनला चिकटते आणि सुटत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद देते. ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. पण रक्तस्राव झाला असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर पेशींचं आयुष्य कमी भरतं आणि आकडा खोटा खाली येतो. लोहाच्या कमतरतेत तो उलट वर जाऊ शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघणंच बरं.

बीटा पेशीचं फाटक

स्वादुपिंडात पेशींची बेटं विखुरलेली असतात, सुमारे १० लाख. पॉल लँगरहान्सने १८६९ साली ती प्रथम पाहिली. त्यातल्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात, आणि किती सोडायचं हेही स्वतःच ठरवतात. कसं, ते नीट बघण्यासारखं आहे.

ग्लुकोज बीटा पेशीत शिरतं. तिथे ग्लुकोकायनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला पकडतं. हे विकर साखर कमी असताना सुस्त असतं आणि साखर वाढेल तसा वेग घेतं, म्हणजे पेशीचं ग्लुकोमीटरच. मग मायटोकॉन्ड्रियात, शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेत, ग्लुकोजपासून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. पेशीच्या पटलात पोटॅशियम बाहेर जाऊ देणारं एक फाटक असतं. एटीपी वाढलं की ते बंद होतं. पोटॅशियम आत अडकतं, पटलाचा विद्युतभार बदलतो, त्यामुळे कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, आणि इन्शुलिनने भरलेल्या पिशव्या पटलाला भिडून बाहेर रिकाम्या होतात. अशा हजारो पिशव्या प्रत्येक बीटा पेशीत तयार असतात, आत इन्शुलिन जस्ताबरोबर स्फटिक होऊन बसलेलं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या त्या पोटॅशियमच्या फाटकावर जाऊन बसतात आणि ते बंद करतात. एटीपी आहे की नाही, म्हणजे माणूस जेवलाय की नाही, हे गोळी विचारत नाही. सकाळी गोळी घेतली आणि संकष्टी म्हणून चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही, तर इन्शुलिन सुटतच राहतं आणि साखर घसरते. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची गोळी बदलून घ्यावी लागते. मेटफॉर्मिन या फाटकाला हात लावत नाही. ते मुख्यतः यकृतातून साखर बाहेर पडणं कमी करतं. म्हणून एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी खाली जात नाही.

या फाटकाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी त्याच्यावरची गोळी सापडली, आणि ती सापडली जंतूंवरच्या औषधातून. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जानबाँ हे डॉक्टर टायफॉइडच्या रोग्यांना एक नवं सल्फा औषध देत होते. रोगी घामाघूम होऊन बेशुद्ध पडू लागले. रक्तातली साखर घसरलेली निघाली. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लुबातिएर यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि औषध स्वादुपिंडातून इन्शुलिन सोडवतं हे दाखवलं. आज घराघरांत असलेली ग्लिमेपिराइडची गोळी त्याच कुळातली.

हे जुनं नातं अजून तुटलेलं नाही, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना मी इथेच देईन. काही अँटिबायोटिक्स साखर खाली आणतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या क्विनोलोन कुळातल्या औषधांनी साखर वर किंवा खाली जाऊ शकते. बीटा पेशीचं तेच पोटॅशियमचं फाटक त्यांच्याकडूनही बंद पडतं. याच कुळातलं गॅटिफ्लॉक्सासिन या बाबतीत इतकं वाईट निघालं की भारतात मार्च २०११ मध्ये त्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनांवर बंदी आली. डोळ्यांत घालायचे थेंब तेवढे राहिले. को-ट्रायमॉक्साझोलमधला सल्फाचा भाग जानबाँच्या औषधाचा नातेवाईक, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर तो अंगात साचतो. क्लॅरिथ्रोमायसिन ग्लिमेपिराइडच्या कुळातल्या काही गोळ्यांचा असर वाढवतं. वयस्कर माणूस, मूत्रपिंड थोडं उतरलेलं, ग्लिमेपिराइड चालू, तापामुळे जेवण अर्धं, आणि वरून लेव्होफ्लॉक्सासिन: इथे चार गोष्टी एकाच दिशेला ओढतात. अशा घरात अँटिबायोटिकचे पाच-सात दिवस ग्लुकोमीटरने दिवसातून निदान दोन-तीनदा साखर बघायला हवी. डॉक्टरांना आणि फार्मसीत 'शुगरची गोळी चालू आहे' एवढं सांगून थांबू नका, गोळीचं नाव सांगा. स्ट्रिपच दाखवली तर उत्तम.

साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, म्हणजे १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर पोळी, भात, काहीतरी खायला द्या. चॉकलेट, दोदोल, बेबिंक अशा गोड पदार्थांचा इथे उपयोग नाही, कारण त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा.

यात एक खाच आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही एकत्र असलेली गोळी आपल्याकडे पुष्कळ दिली जाते. व्होग्लिबोज आतड्याच्या पेशींच्या काठावरची विकरं अडवतं, म्हणजे पिष्टाचं आणि साध्या साखरेचं ग्लुकोज व्हायलाच वेळ लागतो. अशा माणसाची साखर खाली गेली तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही. त्याला तयार ग्लुकोजची पूड द्यावी लागते, पाण्यात तीन मोठे चमचे. स्ट्रिपच्या मागे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव दिसलं तर ग्लुकोजचा डबा घरी आणून ठेवा.

जिला भिंत आहे ती पेशी

आता दुसरी पेशी. जीवाणू. आपली पेशी दहा-वीस मायक्रोमीटरची, तर आतड्यातला ई. कोलाय लांबीला दोन. केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, डीएनए आत मोकळाच वेटोळे घालून पडलेला. पण आपल्याकडे नसलेली एक गोष्ट त्याच्याकडे आहे: पटलाबाहेरची कडक भिंत, साखर आणि प्रथिनांच्या तुकड्यांनी विणलेली जाळी. जीवाणूच्या आत मीठ-साखर दाटीने भरलेली असते, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत यायला बघतं. काही जीवाणूंमध्ये आतला दाब हवेच्या दाबाच्या २० पटींपर्यंत जातो. भिंत नसती तर ते फुटलेच असते.

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगला बुरशीच्या कडेने जंतू विरघळलेले दिसले, ते या भिंतीमुळे. जाळीचे आडवे धागे गाठवणारं विकर पेनिसिलिन अडकवून ठेवतं. वाढणारा जीवाणू जुनी भिंत जागोजागी उसवतो आणि नवी विणतो. विणणं थांबलं आणि उसवणं चालू राहिलं की भिंत विरते आणि पाण्याच्या दाबाने पेशी फुटते. अमॉक्सिसिलिन आणि सेफ कुळातली औषधं हेच करतात. आपल्या पेशीला भिंतच नाही, म्हणून ही औषधं आपल्याला इतकी सोसतात. ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी.

अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन वेगळ्या ठिकाणी मारतात. प्रथिनं बनवणारा रायबोसोम आपल्याही पेशीत असतो, पण जीवाणूचा ७० एस मापाचा, आपला ८० एस. त्या फरकातच औषधाची जागा. क्विनोलोन जीवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला जखडतात. को-ट्रायमॉक्साझोल जीवाणूचं फॉलिक आम्ल बनणं अडवतं. जीवाणू ते स्वतः बनवतो, आपण खाण्यातून घेतो. सर्दीच्या विषाणूला ना भिंत, ना रायबोसोम, ना यातलं एकही विकर. तो आपल्याच पेशीतली यंत्रणा वापरतो. सर्दीवर अझिथ्रोमायसिन घेतलं तर ते औषध अंगात फिरत राहतं आणि आतड्यातल्या निरुपद्रवी जीवाणूंना मारतं, एवढंच. तीन दिवसांनी बरं वाटतं ते सर्दी तीन दिवसांनी ओसरू लागते म्हणून.

वेळेचंही तसंच. अमॉक्सिसिलिन रक्तातून तासा-दोन तासांत अर्ध्यावर येतं आणि ते भिंत विणली जात असतानाच काम करतं, म्हणून 'दिवसातून तीनदा' याचा अर्थ आठ-आठ तासांनी. सकाळी ८, दुपारी १ आणि रात्री ८ असं घेतलं तर रात्री बारा तासांची फट राहते आणि जीवाणू त्या वेळात पुन्हा भिंत विणतात. अझिथ्रोमायसिन उलट आपल्या पेशींच्या आत, विशेषतः जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत साठून राहतं आणि दिवसेंदिवस हळूहळू उतरतं. म्हणून ते दिवसाला एकदाच आणि तीन ते पाच दिवसच. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन कॅल्शियम, लोह आणि अँटासिडमधल्या धातूंना घट्ट धरतात आणि आतड्यातून वर चढतच नाहीत. सिप्रो दूध-दह्याबरोबर नको. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर सिप्रो तिच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही; ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

'सहाशे पंचवीस' म्हणून जी गोळी सगळ्यांना माहीत असते, तीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक आम्ल. दुसरं औषध जंतू मारायला नाही. काही जीवाणू पेनिसिलिनच्या रेणूतला अंगठीसारखा भाग तोडणारं विकर सोडतात. क्लॅव्युलॅनिक आम्ल त्या विकराला गुंतवून ठेवतं.

ते विकर बनवण्याची माहिती बहुतेक वेळा प्लाझमिडवर असते. प्लाझमिड म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळं, स्वतंत्र फिरणारं डीएनएचं छोटं कडं. एक जीवाणू बारीक नळी लावून त्याची प्रत शेजाऱ्याला देतो, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून जास्त. उरलेल्या दोन गोळ्या शेजारणीला देणं का धोक्याचं, ते यात आलं: दोन गोळ्यांनी नाजूक जीवाणू मरतात, प्लाझमिडवाले उरतात आणि मोकळी जागा त्यांना मिळते. स्ट्रिपच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. कोर्स किती दिवसांचा हे आजारावर ठरतं. साध्या लघवीच्या संसर्गाला काही औषधांचे तीन दिवस पुरतात, टीबीला सहा महिने लागतात. म्हणून आपल्या मनाने लांबवणं आणि आपल्या मनाने तोडणं, दोन्ही नको.

याच प्लाझमिडमुळे माणसाचं इन्शुलिन कारखान्यात बनू लागलं, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. १९२१ साली टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन काढलं आणि पुढची साठ वर्षं ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून येत राहिलं. १९७८ साली माणसाच्या इन्शुलिनचं जनुक प्लाझमिडमध्ये घालून ई. कोलायमध्ये सोडलं गेलं. १९८२ साली ते औषध म्हणून मंजूर झालं. जीवाणूचा रायबोसोम वेगळा असला तरी जनुकाची लिपी तीच, त्यामुळे तो माणसाचं जनुक वाचू शकतो. मात्र आपल्या पेशीत इन्शुलिन आंतर्द्रव्यजालिकेत घडी घालून, गॉल्जी पिंडातून पिशवीत जातं. जीवाणूत यातलं काहीच नाही, म्हणून घडी बाहेर, टाकीतून काढल्यावर घालावी लागते. आणि प्लाझमिड शिरलेले जीवाणू कसे निवडायचे? प्लाझमिडवर अँटिबायोटिक पचवण्याचं जनुकही ठेवायचं आणि वाढवायच्या द्रवात तेच अँटिबायोटिक घालायचं. उरतात ते आपले.

इन्शुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन, घडी बिघडली की निकामी. पोटात ते इतर प्रथिनांसारखंच पचून जाईल, म्हणून टोचावं लागतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला टेकून नको, गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी फेकायचं. उघडलेली बाटली चार आठवडे बाहेर चालते, पण ३० अंशांच्या खाली. एप्रिल-मे महिन्यात आपल्या घरांत तापमान त्याच्या वर जातं, तेव्हा दोन मातीची भांडी एकात एक ठेवा, मधल्या फटीत ओली वाळू आणि आतल्या भांड्यात डबीत बाटली. बंद गाडीत ठेवायचं नाही, किनाऱ्यावर नेलेल्या पिशवीतही नाही. पांढरट, गढूळ प्रकारचं इन्शुलिन तळहातांत दहा वेळा हळू लोळवायचं, हलवून फेस काढायचा नाही.

सिरिंजची चूक मात्र जिवावर बेतणारी आहे. भारतात १० मिलिलिटरची बाटली बहुधा ४० युनिटवाली असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपीची. पेनाच्या ३ मिलिलिटरच्या काडतुसात एका मिलिलिटरला १०० युनिट. त्या मापाची सिरिंज नारिंगी टोपीची. बाटलीतलं औषध नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात ८ युनिट जातात. काडतुसातलं औषध लाल सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर ५० युनिट. फार्मसीतून आणलेल्या सिरिंजच्या टोपीचा रंग दर वेळी बघा. आणि जागा बदलत राहा, बोटभर अंतर सोडून: इन्शुलिन चरबीच्या पेशी वाढवतं, रोज त्याच जागी टोचलं तर तिथे मऊ गाठ होते आणि गाठीतून औषध कधी उशिरा, कधी एकदम उतरतं.

पावसाळा, चिखल आणि पांढरी पेशी

साखर जास्त असताना संसर्ग का बळावतो, याचं उत्तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीत आहे. ती रक्तवाहिनीतून बाहेर सरकते, जंतूच्या वासाने त्याच्यापर्यंत जाते, त्याला गिळते आणि आत मारते. साखर बराच काळ चढी असली की यातली प्रत्येक पायरी मंदावते. बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, म्हणजे पेशी आणि अँटिबायोटिक दोन्ही जखमेपर्यंत कमी पोचतात. नसा बधिर झालेल्या असतात, म्हणजे पायात काटा शिरल्याचं कळत नाही. आणि संसर्ग झाला की कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन ही संप्रेरकं वाढून साखर आणखी चढते. म्हणून मधुमेहात पायाच्या जखमेवर नुसतं अँटिबायोटिक पुरत नाही; साखर खाली आणणं हा त्या जखमेच्या उपचाराचाच भाग असतो.

आपल्याकडे यात भातशेतीची भर आहे. लेप्टोस्पायरा हा जीवाणू उंदरांच्या मुतातून चिखलात येतो आणि ओरखड्यातून अंगात शिरतो. वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळालं तर तो दबतो. कमी माहितीचा पण जास्त कावेबाज आजार म्हणजे मेलिऑइडोसिस. त्याचा जीवाणू, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय, मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर तो पावसाळ्यात पुन्हा पुन्हा सापडला आहे, आणि भारतातल्या रुग्णांत निम्म्याहून जास्त जणांना मधुमेह असतो. न्यूट्रोफिलने गिळल्यावरही हा जीवाणू आत जिवंत राहतो, शिवाय पेनिसिलिन तोडणारं विकर त्याच्याकडे असतं, म्हणून साधं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन इथे चालत नाही. सेफ्ट्राअक्झोनवरही भरवसा ठेवता येत नाही. सेफ्टाझिडाइम किंवा मेरोपेनेम शिरेतून निदान १० ते १४ दिवस, मग को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या तीन महिने. तो फुप्फुसात गेला तर टीबीसारखा दिसतो, आणि टीबीचीच औषधं चालू होऊन वेळ जातो.

शेतात उतरताना मधुमेही माणसाने गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत, घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवा आरशात बघावा. ताप आला, उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात टिकत नाही असं झालं तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावं. अंगातलं पाणी कमी होऊन मूत्रपिंड मंदावलं की मेटफॉर्मिन साचतं आणि रक्तात आम्ल वाढू शकतं. डापाग्लिफ्लोझिनने तर साखर फार चढलेली नसतानाही रक्तात कीटोन हे आम्लधर्मी पदार्थ वाढू शकतात. टाइप १ मध्ये, म्हणजे अंगात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही त्या मधुमेहात, मात्र जेवण झालं नाही तरी इन्शुलिन पूर्ण बंद करायचं नाही, मात्रा बदलून घ्यायची.

आणि ताप पाच दिवसांच्या पुढे गेला असेल, माणूस मधुमेही असेल, तर पुढचं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जीवाणू वाढवून ओळखायची तपासणी, काढून घ्यायला सांगा. पहिला डोस गेल्यावर रक्तात जीवाणू वाढवणं अवघड होतं. बाटलीच्या फॉर्मवर 'मधुमेह' आणि 'शेतात काम' हे दोन शब्द लिहिले जातील असं बघा. बर्कहोल्डेरिया प्रयोगशाळेत सहज दुसराच निरुपद्रवी जीवाणू समजून टाकून दिला जातो, आणि ते दोन शब्द वाचून तपासणारा तो पुन्हा बघतो.